गोल टेबलाचं भाडं

रविवारी सकाळी लिफ्टचं दार उघडलं की आधी आवाज अंगावर यायचा आणि मागून वाफ. हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीज भागात, सरकारी वसाहतीपासून चालत पाच मिनिटांवर, एका खाजगी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ते रेस्टॉरंट होतं. दोन-अडीचशे माणसं एकदम बोलत असायची, चिनी मातीच्या बशा एकमेकींवर आदळत असायच्या, आणि त्या गलबल्यात खिडकीजवळच्या गोल टेबलाशी माझ्या मैत्रिणीच्या आजी आधीच येऊन बसलेल्या असायच्या. कँटनीज भाषेत वडिलांच्या आईला ‘मामा’ म्हणतात. शब्द आपल्या मामासारखाच, फक्त सूर खाली उतरवून म्हणायचा. मामा नऊ वाजताच यायच्या. पुढ्यात चहाची किटली, घडी घातलेलं वर्तमानपत्र, आणि बाकीच्या सात खुर्च्यांवर कुणाची पिशवी, कुणाचं जाकीट असं टाकून आख्खं टेबल आमच्यासाठी धरून ठेवलेलं.

नोकरीच्या निमित्तानं मी त्या शहरात पाच वर्षं राहिले आणि महिन्यातले एक-दोन रविवार त्या टेबलाशी जेवले. मी गेले त्या काळात आठ माणसं पोटभर जेवून उठली तरी माणशी शंभर हाँगकाँग डॉलरच्या आतच बिल यायचं. २०१७ साली तिथलं किमान वेतन तासाला साडेचौतीस डॉलर होतं. म्हणजे तीन तास राबणाऱ्या माणसाला एक जेवण, तेही टेबलावर कापड अंथरलेल्या ठिकाणी, आई-वडील, पोरंबाळं आणि माझ्यासारखी परकी पाहुणी यांच्या सोबत. ही किंमत कुणाच्या मेहेरबानीनं ठरत नव्हती. ती जागेच्या भाड्यावर उभी होती, आणि भाडं वाढलं तशी ती टेबलं उठत गेली. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. दाटीवाटीच्या शहरात कुटुंबाला परवडणारं रेस्टॉरंट ही सार्वजनिक सोय आहे. बाग, वाचनालय आणि मंडई यांच्यासाठी सरकार जशी जागा राखतं, तशी ती या टेबलांसाठीही राखली पाहिजे. तिचा फैसला लिलावावर सोडता कामा नये.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडे ‘चायनीज’ म्हटलं की लाल दिव्यांची गाडी, शेजवान आणि मंचुरियन डोळ्यापुढे येतं. मंचुरियन तर मुंबईचंच. १९७५ च्या सुमारास नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं असं सांगितलं जातं. त्यावर माझं प्रेम आहे, पण कँटनीज रसोईशी त्याचं नातं फार लांबचं. दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांताची ही रसोई मसाल्यांनी झाकत नाही. मासा वाफवायचा, वर आलं आणि पातीच्या कांद्याचे केसासारखे काप, त्यावर कडकडीत तेल आणि थोडं सोया. मासा शिळा असेल तर तो लपवायला तिथे काहीच नसतं. कोकणातल्या माणसाला हा आग्रह लगेच कळतो. या प्रांताचे लोक मुंबईतही आहेत. माझगावला नवाब टँकच्या भागात ‘सी यूप कून’ नावाचं चिनी मंदिर १९१९ पासून उभं आहे. ‘सी यूप’ म्हणजे चार तालुके, ग्वांगदोंगमधले. गोदीवर आणि जहाजांवर कामाला आलेल्या माणसांनी ते बांधलं. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं आणि नंतर कितीतरी जण देश सोडून गेले. नाहीतर ही रसोई आपल्याला आज जरा जास्त ओळखीची असती.

तर, टेबल. आल्या आल्या चहा कुठला ते ठरतं. मामांना पु-एर लागायचा, काळाभोर, मातीचा वास असलेला. पहिली किटली पिण्यासाठी नसतेच. एका मोठ्या वाडग्यात सगळ्यांच्या वाट्या, चमचे, चॉपस्टिक घालून त्यावर तो गरम चहा ओतायचा आणि भांडी विसळायची. हे काम मैत्रिणीच्या भावाचं. तो ते इतकं निगुतीनं करायचा की बघत राहावं. मग छापील कागद आणि पेन्सिल. कागदावर पदार्थांचे भाव एकेकटे लिहिलेले नसतात. लहान, मध्यम, मोठा, खास अशा चार-पाच पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पदार्थ कुठल्या तरी पायरीवर बसतो. मामा चष्मा लावून खुणा करायच्या. कोळंबीचं सारण भरलेले ‘हा गाव’ एका टोपलीत चार येतात, डुकराच्या मांसाचे सिउ माय चार, पण छा सिउ बाव, ते पांढरे फुगीर पाव, तीन. आठ माणसांना तीनच्या किती टोपल्या, हे गणित दर रविवारी नव्यानं व्हायचं, आणि उरलेला एक पाव कुणाच्या वाटीत जाणार हे मामाच ठरवायच्या. बहुतेक वेळा तो माझ्या वाटीत यायचा.

कुणी चहा ओतला की ज्याच्या पेल्यात ओतला त्यानं दोन बोटांनी टेबलावर हलकेच ठोकायचं. तोंडातला घास न थांबवता आभार मानण्याची ही रीत. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवायचं. वेटर न हाक मारता पाणी भरून जातो. मासा आला की वरची बाजू संपल्यावर तो उलटायचा नाही, मधला काटा उचलून खालचं मांस काढायचं. मासा पालथा केला की नाव पालथी होते, असा कोळ्यांचा समज. आणि जेवायला सुरुवात करताना मामा माझ्याकडे बघून म्हणायच्या, “मान मान सिक.” सावकाश खा. पंगतीत आपण ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो ते हेच, अगदी त्याच आग्रहाच्या सुरात. त्यांच्या भाषेतले माझे शब्द पन्नासच्या वर कधी गेले नाहीत, तरी त्या टेबलाशी मी कधी मुकी बसले नाही.

आता या सगळ्याचा हिशेब पाहू, कारण मुद्दा तिथे आहे. डिम समचं, म्हणजे टोपल्यांतून येणाऱ्या या छोट्या छोट्या पदार्थांचं, काम पहाटे तीन-चारला सुरू होतं. पीठ मळणं, पारी लाटणं, सारण भरणं, सगळं हातानं. ‘हा गाव’ची पारी गव्हाच्या स्टार्चची असते. ती गरम असतानाच हाताळावी लागते आणि त्यावर बारीक चुण्या पाडाव्या लागतात. एवढी मेहनत परवडते ती केवळ संख्येच्या जोरावर. एकाच स्वयंपाकघरातून शेकडो टोपल्या निघाल्या तरच एक टोपली स्वस्त पडते, आणि शेकडो टोपल्या खपायला शेकडो खुर्च्या लागतात. शिवाय त्याच खुर्च्या दिवसातून चार-पाच वेळा भरल्या पाहिजेत. म्हणून भल्या पहाटे येणाऱ्या म्हाताऱ्यांना सवलत, दुपारी दोननंतर पुन्हा सवलत, आणि संध्याकाळी तेच दालन लग्नाच्या आणि साठीच्या जेवणावळींना. रात्रीच्या बारा-बारा माणसांच्या टेबलांनी सकाळच्या स्वस्त टोपल्यांना टेकू दिलेला असतो. चार टेबलांच्या दुकानात हे गणित बसत नाही. त्याला ऐसपैस दालन लागतं, आणि हाँगकाँगमध्ये ऐसपैस दालन ही जगातल्या सर्वांत महाग गोष्टींपैकी एक आहे.

“घरी का नाही जेवत?” असं मला पुण्यातल्या एका नातेवाइकांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर जनगणनेत आहे. २०२१ च्या गणनेनुसार तिथे निम्म्या घरांत माणशी जागा सोळा चौरस मीटर किंवा त्याहून कमी भरते, म्हणजे साधारण एकशे सत्तर चौरस फूट. यात झोपायची, शिजवायची, कपडे वाळवायची जागा आली. घराचे तुकडे पाडून भाड्यानं दिलेल्या खोल्यांमध्ये दोन लाखांहून जास्त लोक राहतात. तिथे हाच आकडा सहा चौरस मीटर. माझ्या मैत्रिणीचे आई-वडील आणि मामा ज्या घरात राहायचे तिथे जेवणाचं टेबल भिंतीला दुमडून लावायचं होतं. ते उघडलं की दार उघडत नसे. या घरात आठ माणसं उभी राहू शकत होती, जेवू शकत नव्हती. अशा शहरात दुसऱ्या मजल्यावरचं ते दालन म्हणजे त्या घराची बैठकीची खोली. भाऊ लग्न ठरल्याचं तिथे सांगतो, वडिलांच्या तपासणीचा कागद तिथे फिरतो, धाकटीच्या परीक्षेवरून भांडण तिथेच होतं. घरात आवाज चढवायलाही जागा नसते.

ही बैठकीची खोली काढून घेतली की काय होतं ते साऱ्या शहरानं एकदा पाहिलं. २९ जुलै २०२० ला महामारीमुळे हाँगकाँगमध्ये रेस्टॉरंटमध्ये बसून खायला दिवसभर बंदी झाली. जेवण फक्त बांधून न्यायचं. दुपारी बांधकामावरचे मजूर, झाडूवाले, वॉचमन डबे घेऊन फुटपाथवर, जिन्यांच्या पायऱ्यांवर, पुलाखाली उकिडवे बसले. वर जुलैचं ऊन आणि मध्येच पाऊस. ते फोटो सगळीकडे फिरले. सरकारला सभागृहं जेवणासाठी उघडून द्यावी लागली आणि दोनच दिवसांत दिवसाची बंदी मागे घ्यावी लागली. महामारीत नियम लागतातच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या शहरानं आपल्या माणसांच्या जेवणाची बसायची जागा पूर्णपणे बाजारावर टाकली आहे, त्याला त्या दोन दिवसांत कळलं की ही जागा पाण्याच्या नळाइतकी गरजेची आहे. पुढच्या काळात एका टेबलावर दोनच माणसांना बसायची मुभा होती. आठ खुर्च्यांच्या गोल टेबलावर समोरासमोर दोन माणसं. २०२२ च्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत संध्याकाळी सहानंतर बसून जेवणं बंदच होतं. म्हणजे जेवणावळी नाहीत, टेकू नाही. कितीतरी दालनं त्यानंतर उघडलीच नाहीत.

सगळा दोष महामारीच्या माथी मारणं मात्र खरं नाही. मुळं जुनी आहेत. १९५३ च्या नाताळच्या रात्री शेक किप मेईच्या झोपडवस्तीला आग लागली आणि पन्नास हजारांहून जास्त लोक उघड्यावर आले. तिथून हाँगकाँगचा सरकारी घरांचा कार्यक्रम उभा राहिला. आज सुमारे तीस टक्के लोक सरकारी भाड्याच्या घरांत राहतात. या वसाहती बांधणाऱ्यांना एक गोष्ट कळत होती: नुसत्या खोल्या देऊन भागत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या वसाहतीत मंडई, दुकानं, शाळा, दवाखाना आणि एक तरी मोठं रेस्टॉरंट असायचं. रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना आत घ्यायला वसाहतींमध्ये उघडे मंडप बांधले. छपरांच्या आकारावरून लोक त्यांना अळंबी-मंडप म्हणतात. रात्री तिथे प्लास्टिकची स्टुलं, तव्यावरचा भडका, बिअरच्या बाटल्या. स्वस्त कँटनीज जेवण कुणा उद्योजकाच्या कल्पकतेनं आपोआप जन्माला आलं अशी समजूत चुकीची आहे. त्याच्यामागे सरकारची जमीन आणि सरकारचं भाडं होतं.

मग नोव्हेंबर २००५ मध्ये गृहनिर्माण प्राधिकरणानं आपले जवळपास एकशे ऐंशी व्यापारी संकुलं आणि वाहनतळ ‘द लिंक’ या गुंतवणूक न्यासाला विकून तो शेअर बाजारात उतरवला. एका वृद्ध भाडेकरू बाईंनी कोर्टात जाऊन ही विक्री अडवायचा प्रयत्न केला होता. त्यामुळे ती वर्षभर लांबली, पण थांबली नाही. न्यासाला भागधारकांना उत्पन्न द्यायचं असतं, आणि उत्पन्न म्हणजे भाडं. त्यात बेकायदा काही नाही. संकुलं चकचकीत झाली, एसी सुधारले, स्वच्छतागृहं खरंच चांगली झाली. आणि जुने किराणावाले, लोखंडी भांडीवाले, एकट्या मालकाची चहाची दुकानं जाऊन त्यांच्या जागी सगळीकडे दिसणाऱ्या साखळी दुकानांच्या पाट्या आल्या. माझा आक्षेप न्यासावर नाही, विकणाऱ्यावर आहे. सरकारनं इमारती विकताना त्यांच्यासोबत एक जबाबदारीही विकून टाकली, आणि त्या जबाबदारीची किंमत कागदावर कुठेच लिहिली नव्हती.

याउलट सिंगापूर पाहा. तिथेही रस्त्यावरचे विक्रेते हटवले, पण त्यांच्यासाठी सरकारनं केंद्रं बांधली आणि आजही शंभराहून जास्त केंद्रं सरकारी यंत्रणेच्या देखरेखीखाली चालतात. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोनं त्या हॉकर संस्कृतीला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. तिथले विक्रेते म्हातारे होत चाललेत आणि मुलं त्या धंद्यात यायला तयार नाहीत, ही अडचण खरी आहे. पण कोंबडी-भाताची एक बशी मजुरालाही परवडली पाहिजे, हा निर्णय कुणीतरी जाणूनबुजून घेतला आणि निभावला.

माझ्या बाजूचं बोलून झालं. आता विरुद्ध बाजूचं, कारण ते पोकळ नाही.

२०२३ च्या सुरुवातीला चीनच्या मुख्य भूमीकडची सीमा पूर्ण खुली झाल्यापासून हाँगकाँगचे लोक शनिवार-रविवारी झुंडीनं पलीकडच्या शेनझेन शहरात जेवायला जातात. मेट्रोनं जायचं, सीमा ओलांडायची, तिथे तेच डिम सम निम्म्या किमतीत आणि हसतमुखानं वाढलेलं. लोकांनी पायांनी मत दिलंय, मग सरकारनं महागड्या दालनांना का वाचवायचं, असं विचारतात. प्रश्न योग्य आहे, पण पाय कुणाचे हेही विचारा. माझी मैत्रीण आणि तिचा नवरा जातात. मामा जात नाहीत. ब्याऐंशीव्या वर्षी चाकांच्या खुर्चीतून सीमेच्या रांगेत दोनदा उभं राहून चहाला कोण जाईल? शेनझेनची सहल ही सहल आहे, सणासारखी. रविवारचं टेबल हे चालत पाच मिनिटांवर असावं लागतं, नाहीतर ते रविवारचं राहत नाही. आणि जे जातात तेही भाड्यातल्या फरकाचाच फायदा घ्यायला जातात. म्हणजे माझाच मुद्दा ते तिकीट काढून सिद्ध करतात.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. स्वस्त जेवण कुणाच्या तरी स्वस्त श्रमावर उभं असतं. पहाटे तीनला येणारा आचारी, दहा-बारा तास पायावर असलेली, टोपल्या वाहणारी पन्नाशीतली बाई. हाँगकाँगमध्ये कामाच्या तासांना कायद्यानं कमाल मर्यादा नाही. त्या रेस्टॉरंटमधल्या, आमच्या टेबलाकडे बघणाऱ्या बाईंच्या मनगटाला कायम पट्टा बांधलेला असायचा. त्या मामांना नावानं ओळखायच्या, त्यांच्या चहाची पानं न विचारता आणायच्या. आमचं जेवण स्वस्त राहावं म्हणून त्या बाईंचा पगार कमी राहावा असं मी म्हणणार असेन तर मी गप्पच बसलेलं बरं. पण हिशेबाच्या वहीत पगार आणि भाडं या दोन वेगळ्या ओळी आहेत. भाडं जेव्हा पहिल्यांदा घास घेतं तेव्हा मालक दुसऱ्या ओळीला कात्री लावतो, किंवा कामगार मिळत नाहीत म्हणून ते बाहेरून आणायची परवानगी मागतो. २०२३ पासून वेटर आणि मदतनिसांसाठी ती मिळतेही. भाडं उतरलं तरच पगार वाढवायला जागा होते. म्हणून सवलतीच्या भाड्यासोबत पगाराची आणि तासांची अट घातलीच पाहिजे. सवलत हवी आणि अट नको, असं म्हणणाऱ्या मालकाला सार्वजनिक जागा देऊ नये.

तिसरा आक्षेप आपल्याला घरबसल्या ठाऊक आहे. महाराष्ट्रात १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली. मोक्याच्या जागा दिल्या, अनुदान दिलं. काही वर्षांत अनुदान थांबलं, आणि अनेक केंद्रांवर झुणका-भाकर सोडून बाकी सगळं मिळू लागलं; जागा मात्र ज्याच्या ताब्यात होती त्याच्याच राहिल्या. सरकारी जागा दिली की ती गिळली जाते, हा धडा आपण पैसे मोजून घेतला आहे. मी तो विसरा म्हणत नाही. त्यातून माझा निष्कर्ष एवढाच की करार जागेचा नको, टेबलाचा हवा. अमुक खुर्च्या, त्यातली इतकी टेबलं आठ-दहा माणसांची, सकाळच्या वेळात कागदावरच्या पहिल्या दोन पायऱ्यांचे भाव अमुक मर्यादेत, पगाराची अट, आणि दर तीन वर्षांनी तपासणी. मोडलं की जागा परत. पगाराच्या आणि वेळेच्या नोंदी तशाही ठेवाव्या लागतात. त्या पाहायला वेगळं खातं उभारायची गरज नाही.

आणि हे करायला हाँगकाँगला काही परत विकत घ्यावं लागणार नाही. २००५ नंतर बांधलेल्या वसाहतींची संकुलं आजही गृहनिर्माण प्राधिकरणाचीच आहेत. याऊ टोंगचं ‘डोमेन’ हे २०१२ मध्ये उघडलेलं भलंमोठं संकुल त्यातलंच. सार्वजनिक मंडयांच्या वरचे खाद्यमजलेही सरकारचेच. तिथे कोण किती भाडं देतो हा एकमेव प्रश्न विचारायचं थांबवलं तरी सुरुवात होईल.

वारसा जपणाऱ्यांशीही माझं थोडं भांडण आहे. अबर्डीनच्या बंदरातलं ‘जंबो’, राजवाड्यासारखं ते तरंगतं रेस्टॉरंट, १९७६ पासून उभं होतं. २०२० मध्ये बंद पडलं, जून २०२२ मध्ये ओढून नेताना दक्षिण चीन समुद्रात कलंडलं. त्याच्यासाठी जगभरच्या वर्तमानपत्रांत रकाने आले. मलाही वाईट वाटलं. पण त्याच वर्षांत वसाहतींमधली जी साधी दालनं विझली त्यांच्यासाठी कुणी रकाना लिहिला नाही, आणि शहराचं रोजचं जेवण तिथे होतं. तसंच ‘टिम हो वान’चं. पंचतारांकित हॉटेलातला आचारी माक क्वाय-पुई यांनी २००९ मध्ये माँग कॉकच्या चिमुकल्या जागेत ते काढलं, मिशलिनचा तारा मिळाला, आणि जगातलं सर्वांत स्वस्त तारांकित जेवण म्हणून त्याचा गाजावाजा झाला. जेवण उत्तमच होतं, दोनदा खाल्लंय. पण तिथे जाण्यासाठी तासभर फुटपाथवर उभं राहायचं, मिळेल तिथे दोघांनी दाटीनं बसायचं आणि वीस मिनिटांत उठायचं. मामा ते कसं करणार? स्वस्त म्हणजे कागदावरचा कमी आकडा एवढंच नाही. पाठ टेकायला खुर्ची, आठ माणसं एकमेकांना दिसतील असं टेबल आणि उठा म्हणून कुणी न सांगितलेला दीड तास, हे सगळं त्या किमतीत धरलेलं असतं. गाड्यांवरून टोपल्या फिरवण्याची जुनी पद्धत गेली आणि मोबाइलवर ऑर्डर आली तरी माझी हरकत नाही. खुर्ची जाऊ नये.

हे दुखणं एकट्या हाँगकाँगचं असतं तर मी एवढं ताणलं नसतं. न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधलं ‘जिंग फाँग’ सुमारे आठशे खुर्च्यांचं होतं. मार्च २०२१ मध्ये ते दालन बंद झालं तेव्हा तिथले कामगार आणि वस्तीतली माणसं रस्त्यावर उतरली, घोषणा दिल्या. नंतर ते दुसऱ्या ठिकाणी, कितीतरी लहान होऊन सुरू झालं. आठशे खुर्च्यांच्या जागी थोड्या खुर्च्या आल्या की स्वयंपाकघराचं गणित बदलतं हे वर सांगितलंच आहे. पण शिवाय माणसं बदलतात. लहान जागेत आधी दोघांना टेबल मिळतं. म्हातारी, दोन पोरं आणि बाबागाडी असलेल्या कुटुंबाला ‘थोडं थांबा’ असं सांगितलं जातं.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा तिथे गेले. आमचं दुसऱ्या मजल्यावरचं दालन करार संपल्यावर बंद झालं होतं. त्या जागी आता शिकवणीचे वर्ग भरतात. मैत्रिणीनं स्टेशनजवळच्या एका नव्या ठिकाणी टेबल राखलं होतं. पदार्थ बरे होते. टेबलं मात्र सगळी चौकोनी, चौघांचीच, आणि जमिनीला पक्की बसवलेली. जोडता येत नव्हती. मग चार इकडे, चार तिकडे, मध्ये जाण्या-येण्याची वाट. मामांची खुर्ची त्या वाटेतच लावली, कारण चाकं दुसरीकडे मावत नव्हती. वेटर दर वेळी “म्मगोय, म्मगोय” म्हणत अंग चोरून जायचा. मी पलीकडच्या टेबलाशी होते. छा सिउ बावची टोपली त्यांच्याकडे आली, तीन संपले नाहीत, एक उरला. मामांनी तो चॉपस्टिकमध्ये धरला, वाटेपलीकडे हात लांबवला, आणि एक ट्रे घेऊन जाणारा मुलगा जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.